लॅपटॉपमधली बाई आणि आप्पांची किल्ली

आमच्या आप्पांनी जन्मभर एसटी चालवली. गाडी चालवताना कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही, आणि ही सवय त्यांनी घरीही आणली होती. आई काही सांगायला लागली की ते हात वर करून म्हणायचे, "चालकाशी बोलू नये." तेव्हा ते पाटावर बसून भाकरी खात असायचे. असा माणूस निवृत्त झाल्यावर मोटारीत एका बाईचं ऐकायला लागला, आणि ती बाई लॅपटॉपमध्ये राहत होती. आईनं ही गोष्ट अजून मनाला लावून घेतलेली आहे.

हे सगळं फोनमध्ये नकाशे यायच्या जरा आधीचं. आता आमच्या सोलापुरातल्या भवानी पेठेतलं शेंबडं पोरसुद्धा फोनला विचारून तुळजापूरला जाऊन येतं. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा रस्ता एकतर डोक्यात असायचा, नाहीतर पानटपरीवर विचारावा लागायचा. आप्पांच्या डोक्यात तर अख्खा जिल्हा होता, निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली आणि ती बससारखीच चालवायला लागले. निघायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर, चारही चाकांना एकेक लाथ, मग दार धाडकन ओढून "चला, बसा, सरका आत." आत आई आणि मी दोघीच असायचो, सरकून जायचं कुठं? वळताना मागं अजून पंधरा-वीस फूट गाडी आहे असं धरून ते एवढा मोठा वळसा घ्यायचे की सात रस्ता चौकात रिक्षावाले हात जोडायचे. मी तिथंच एका ऑफिसात कामाला होते. संध्याकाळी आप्पा मला न्यायला आले की मी ओळख दाखवायच्या आधी आजूबाजूला बघून घ्यायची.

तर एका दुपारी आप्पा आत्याकडं जाऊन परत यायला निघाले. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं, मैंदर्गीच्या पुढं, कर्नाटकच्या शिवेजवळ आतल्या बाजूला. आप्पा त्या वाटेनं लहानपणी बैलगाडीतून गेलेले, नंतर सायकलवरून, नंतर मोटारीतून. चहाच्या वेळेला ते घरी यायला हवे होते. दिवस कलला तरी आले नाहीत. मग एका दुकानातून त्यांचा फोन आला.

"अगं, हितं सगळ्या पाट्या कानडीत हायत," आप्पा म्हणाले.

"तुमी हायसा कुटं?" आई ओरडली.

"त्येच तर वाचता येईना की."

ते कर्नाटकात शिरले होते आणि बरेच आत गेले होते. दिवेलागणीनंतर घरी आले, हात-पाय धुतले आणि सांगितलं, "देवदर्शन करून आलो." कुठल्या देवाचं ते आईनं विचारलं नाही. तिनं खुंटीवरची मोटारीची किल्ली काढली आणि कमरेच्या चंचीत, सुपारीशेजारी ठेवून दिली. त्यानंतर ती आत जाऊन रडली. मी तिला रडताना फार कमी वेळा पाहिलंय, म्हणून मी पण दारातच उभी राहिले.

पुण्याला असलेल्या माझ्या भावानं फोनवरच निकाल देऊन टाकला. म्हणाला, गाडी विकून टाका, गिऱ्हाईक मी बघतो.  आप्पा रोज सकाळी खाली जाऊन उभ्या गाडीची चक्कर मारायचे, चाकांना लाथा घालायचे आणि वर यायचे. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर मला संताप आला. आयुष्यभर हजारो लोकांना जागच्या जागी पोचवलेला माणूस, आणि एकदा चुकला तर त्याच्या हातातलं चाक काढून घ्यायचं? आई म्हणाली, "तू बोल. फोन येईस्तवर देव पाण्यात तू न्हाय, मी घातलं हुतं."

त्याच सुमारास आमच्या ऑफिसनं जुने लॅपटॉप काढून टाकले. त्यातला एक मी घेतला. वजनाला पाटा-वरवंट्याइतका, आणि मांडीवर घेतला की थोड्या वेळात मांडी भाजायची. ऑफिसातल्या संगणकवाल्या साहेबांनी त्यात नकाशाचा प्रोग्राम घालून दिला आणि सोबत काड्यापेटीएवढी एक डबी दिली. डबीला वायर, खाली लोहचुंबक. डबी गाडीच्या टपावर चिकटवायची, वायर खिडकीतून आत लॅपटॉपला जोडायची, की आपण कुठं आहोत ते पडद्यावर एका निळ्या बाणात दिसायचं. वळण आलं की आतली बाई इंग्रजीत बोलायची. टर्न लेफ्ट. टर्न राईट. चुकलं की म्हणायची, मेक अ यू टर्न. फार शांत बाई होती. आमच्या घरात तसं कुणी बोलत नाही.

अडचण एकच होती. अक्कलकोटचा मोठा रस्ता त्या नकाशात होता, पण मैंदर्गीच्या पुढं सगळा नकाशा कोरा. आत्याचं गाव त्याच्या गावीही नव्हतं. साहेब म्हणाले, काळजी नको, एकदा लॅपटॉप चालू ठेवून त्या वाटेनं जाऊन या, तो रेघ ओढून ठेवेल. पुढच्या वेळी बाई त्या रेघेवरून बरोबर नेईल.

हे कळल्यावर आप्पा खुर्चीत ताठ झाले. "आसं व्हय? मग मी रेघ मारून आणतो."

आणि चार दिवसांनी खरंच घेऊन आले. मी ऑफिसात होते, आई कीर्तनाला. किल्ली तर आईच्या चंचीत. मला वाटलं, कुणा मित्राची जीप नेली असेल. "झालं का काम?" विचारलं तर म्हणाले, "रस्ता भरून आणलाय. सोलापूरपास्नं आक्काच्या दारापतोर." त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी पुढं काही विचारलं नाही.

मग आईसमोर वाटाघाटी झाल्या. आईनं अट घातली ती अशी. आत्याच्या गावाला जायचं आणि यायचं. वाट कुणाला विचारायची नाही. आई मागं बसणार, ती सांगणार नाही. मी पुढं लॅपटॉप धरून बसणार, पण मीही सांगायचं नाही, बाईनं सांगायचं. गेले-आले तर किल्ली कायमची आप्पांची. चुकले तर भावाचं गिऱ्हाईक.

"तुजं त्वांड बंद ऱ्हायला पायजे," आई मला म्हणाली. "तुला वाट ठावं हाय, मला म्हायत हाय."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आईनं चंचीतून किल्ली काढून आप्पांच्या तळहातावर ठेवली, देवाचा प्रसाद ठेवावा तशी. चक्कर झाली, लाथा झाल्या, "सरका आत" झालं. मी लॅपटॉप उघडला. त्याची बॅटरी आधीच म्हातारी, म्हणून गाडीच्या लायटरच्या भोकातून एक वायर घेऊन दोन सीटांच्या मध्ये ठेवलेल्या इन्व्हर्टरच्या डब्याला आणि तिथून लॅपटॉपला जोडली होती. निळा बाण आला. बाई बोलली. आणि अक्कलकोट रस्त्याला लागायचं सोडून आप्पांनी गाडी उलट्या दिशेला वळवली.

"आप्पा, इकडं कुठं?"

"बाई म्हणती तिकडं. रेघ तितनं सुरू हुती."

रेघ सुरू होत होती सोलापूरच्या एसटी स्टँडवर, फलाटासमोर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पांनी कुणाची जीप नेली नव्हती. निवृत्त कर्मचाऱ्याचा पास होता, त्या पासावर ते लॅपटॉप मांडीवर घेऊन एसटीतून आत्याकडं जाऊन आले होते. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, डबी खिडकीच्या गजाला चिकटवून, लॅपटॉपसाठी ओळखीच्या ड्रायव्हरकडून बसच्या बॅटरीची वायर ओढून घेऊन.

"अहो आप्पा, मोटारीचा रस्ता भरायचा होता ना?"

"मग भरलाय की. रस्ता म्हंजे दुसरा काय आसतो? येष्टी जाती त्यो रस्ता."

मागून आई म्हणाली, "फलाटावर लावा आता. बोर्ड बी लावा फुडं."

आप्पांनी फलाटावर नाही, पण जवळपास लावलीच. बाईचं समाधान झालं आणि तिनं आम्हाला स्टँडाबाहेर काढलं. पुढं वाटेत जिथं जिथं एसटी आत शिरून बाहेर येते, तिथं तिथं आम्हीही आत शिरून बाहेर आलो. एका गावात तर पारापर्यंत जाऊन, पाराला वळसा घालून परत. पारावरची माणसं माना वळवून बघत होती. मी म्हणत होते, आप्पा, सरळ चला, पुढं हाच रस्ता लागतो. तर आप्पा म्हणाले, "तुला बोलायला मनाई हाय."

"जल्मात माजं ऐकलं न्हाय," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आन् ह्या बाईच्या एका शब्दावर पाराला फेरी."

"ती मोजकं बोलती," आप्पा म्हणाले.

त्यावर आईनं चंची सोडून सुपारी कातरायला घेतली. एवढ्या जोरात, की मला भीती वाटायला लागली.

अक्कलकोटच्या स्टँडात आम्ही शिरलो तेव्हा आप्पांचा जीव हरखला होता. एसटीचा जुना एक कंट्रोलर भेटला, हात उंचावला, आप्पांनी हॉर्न दिला. आणि तेवढ्यात मागचं दार उघडून एक म्हातारी मोठं बोचकं घेऊन आत बसली. तिला वाटलं वडापची गाडी आहे. आमच्याकडं माणसं भरून गावोगाव फिरणाऱ्या जीपांना वडाप म्हणतात.

"मैंदर्गी न्हवं?" म्हातारीनं विचारलं.

मी तिला समजावून सांगायला तोंड उघडलं, तर आप्पा आरशातून बघून म्हणाले, "व्हय, मैंदर्गी. सरका आत." आज पहिल्यांदा ते वाक्य जागच्या जागी लागलं होतं.

"तिकीट?" म्हातारी म्हणाली.

"आमचा पास हाय," आई म्हणाली. "त्यातच तुमी."

बोचकं सीटवर मावेना, म्हणून ते दोन सीटांच्या मधल्या जागेत कोंबलं. मैंदर्गीपर्यंत म्हातारी आणि आई यांच्या सुना, गुडघे आणि तुरीचं पीक असा सगळा विषय झाला. बाईला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. मैंदर्गीच्या स्टँडवर म्हातारी उतरली, तिनं बोचकं हिसका देऊन ओढलं, आप्पांना तोंडभर आशीर्वाद दिला आणि गेली. त्या हिसक्यात लॅपटॉपची वायर निघाली होती. आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

मैंदर्गी सोडली आणि आप्पा एकदम मोकळे झाले. अर्धी बाजी जिंकली होती. नकाशा कोरा होता, पण त्या कोऱ्यावर त्यांनी स्वतः मारलेली रेघ स्वच्छ दिसत होती. आप्पा शिट्टी वाजवत होते. आप्पांना शिट्टी येते हे मला त्या दिवशी कळलं. ज्वारी कमरेच्या वर आली होती, खिडकीतून गार वारा येत होता, आणि मागून आईसुद्धा म्हणाली, "चालवतासा चांगलं." मग बहुतेक जास्त झालं असं वाटून तिनं पुढं जोडलं, "बाईमुळं."

आत्याच्या गावाच्या फाट्यावर बाई बोलली. टर्न राईट.

उजवीकडं रस्ता नव्हता. उजवीकडं ज्वारी होती. ज्वारीतून बांधावरून एक पायवाट जात होती.

मी पडद्याकडं बघितलं. रेघ सरळ त्या रानातून गेली होती. एसटी फाट्यावर सोडते, पुढं गावात जात नाही. आप्पा फाट्यावर उतरून, लॅपटॉप छातीशी धरून, बांधाबांधानं चालत बहिणीच्या दारी गेले होते. आणि लॅपटॉपनं इमानदारीनं ते सगळं टिपून ठेवलं होतं.

"ह्यातनं मी चालत गेलो हुतो," आप्पा हळूच म्हणाले.

"मग मोटार बी चालत न्या," आई म्हणाली. पण तिच्या आवाजात मघाचा ठसका नव्हता.

फाट्यापुढं दोन कच्च्या वाटा होत्या. एक डावीकडं ओढ्याला वळसा घालून गावात जाते. दुसरी सरळ, ती कुठल्या कुठं जाते. आप्पांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. डाव्या वाटेकडं बघितलं, सरळ वाटेकडं बघितलं, परत डाव्या वाटेकडं. त्यांच्या लहानपणी ह्याच फाट्यावर आत्याचे सासरे त्यांना घ्यायला बैलगाडी घेऊन येत. ही गोष्ट त्यांनी मला शंभरदा सांगितलेली. आणि आता ते त्या फाट्यावर चाक दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि त्यांना वाट आठवत नव्हती.

मी बाजूनं त्यांच्याकडं बघत होते. कपाळावर घाम आला होता. ओठ जरासे हलत होते, पाठ केलेलं म्हणून बघावं तसे. मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. गाडी जाईल याची नव्हती ती भीती. गाडी गेली खड्ड्यात.

"बाई काय म्हणती?" आप्पांनी विचारलं.

मी मांडीवर बघितलं. पडदा काळा झाला होता. वायर लोंबत होती, बॅटरी संपली होती. त्या काळ्या पडद्यात मला माझंच तोंड दिसत होतं आणि बाजूला आप्पांची टोपी.

"डावीकडं म्हणतेय," मी म्हणाले.

आप्पांनी मान वळवून पडद्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. त्यांचे डोळे शेवटपर्यंत अधू नव्हते, दुरून बसचा बोर्ड वाचायचे. काळा पडदा त्यांना दिसला नाही असं मी म्हणूच शकत नाही. मागं आई बसली होती. तिलाही दोन सीटांच्या मधून सगळं दिसत होतं, आणि बाईचा आवाज काही आला नव्हता. अट तिनंच घातली होती. मी तिच्या बोलण्याची वाट बघत राहिले.  पदराच्या टोकानं तिनं खिडकीची काच पुसायला घेतली. काच खाली केलेली होती.

"म्हणती न्हवं? मग चला," आप्पा म्हणाले आणि गाडी डावीकडं घातली. वळसा चांगला मोठा घेतला.

आत्या दारातच होती. ती निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलते. "बा तम्मा, बा बा," करत तिनं धाकट्या भावाला हाताला धरून आत नेलं. धपाटी झाली, शेंगाची चटणी झाली, दही झालं. आप्पा सगळ्यांना रेघेची गोष्ट सांगत होते, म्हातारी प्रवासी बसली ते रंगवून सांगत होते. फाट्याचं मात्र त्यांनी गाळलं. मी आणि आई जेवत राहिलो.

जेवणानंतर हात धुवायला आप्पा मागच्या दारी आले. मी तांब्यातून पाणी घातलं. पाण्याच्या धारेखाली हात चोळत ते खालीच बघत म्हणाले, "बंद पडला हुता न्हवं त्यो?"

"कधी?"

"फाट्यावर."

मी तांब्या आणखी कलता केला.

"आईला सांगू नगं," आप्पा म्हणाले. "घाबरंल ती. तिचा त्याच्यावर लई इस्वास बसलाय."

मी म्हणाले, नाही सांगत. आणि तांब्यात पाणी आणायला गेले. तांब्यात पाणी होतं.

निघताना आत्यानं वाटेसाठी धपाटी बांधून दिली. आप्पांनी गाडीभोवती चक्कर मारली, पण चाकांना लाथा घातल्या नाहीत. ते आईजवळ आले आणि किल्ली तिच्यापुढं धरली. "ठेव," एवढंच म्हणाले. आईनं किल्लीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"जायाचं-यायाचं ठरलंय," ती म्हणाली. "निम्म्यात किल्ली घ्यायला मी काय मोकळी हाय व्हय? चला, बसा फुडं."

आप्पा बसले. मी बसले. आई मागं बसली, पदर सावरला आणि मला म्हणाली, "लॅपटॉप उघड."

"आई, त्याची..."

"उघड म्हणलं की."

मी उघडला. काळा पडदा समोर धरून बसले. वायर अजून पायाशी लोंबत होती. आप्पांनी गाडी चालू केली आणि समोर बघत राहिले. आई मागून पुढं वाकली. तिचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला.

"काय म्हणती ती?" आईनं विचारलं.

"ओढ्यापर्यंत सरळ," मी म्हणाले.

"मग मोठ्यानं सांग की," आई म्हणाली. "त्यास्नी ऐकू गेलं पायजे."